भोपाळच्या बेगमा: आधी जमाबंदी, मग शाळा

वाचनमंडळात भोपाळच्या बेगमांवर बोलायचं आहे, असं सांगून एका वाचक भगिनीने तीन प्रश्न विचारले आहेत. एकाच गादीवर लागोपाठ चार मुस्लिम स्त्रिया (कुदसिया, सिकंदर, शाहजहाँ आणि सुलतान जहाँ) कशा आल्या? त्यांच्या सुधारणा त्यांच्या मनातल्या होत्या की इंग्रजांनी करवून घेतलेल्या? आणि पडदा पाळून राज्यकारभार चालतो कसा? संस्थानांचा इतिहास शिकवण्यात आणि त्यांच्या कारभाराचे जुने अहवाल वाचण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. विषय जिव्हाळ्याचा आहे, म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

बेगमांवरचे बहुतेक लेख मुलींच्या शाळेपासून सुरू होतात. मी शेतसाऱ्यापासून, म्हणजे जमिनीवरच्या करापासून आणि तो ठरवणाऱ्या जमाबंदीपासून, सुरू करीन. शाळा, दवाखाना, नळाचं पाणी या सगळ्याला दरसाल पैसा लागतो आणि तो वाटेत कुणी न गिळता तिजोरीत पोचावा लागतो. ज्या संस्थानिकाला ही घडी बसवता आली नाही, त्याच्या सुधारणा कोनशिलेपुरत्या राहिल्या. भोपाळात ही घडी एका बाईने बसवली आणि पुढच्या दोघींनी त्यावर इमारत उभी केली. माझ्या मते सगळा विषय समजून घ्यायची ही किल्ली आहे.

आपल्याकडच्या वाचकाला भोपाळ तसं अनोळखी नाही. दोस्त मोहम्मद खान या अफगाण सरदाराने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला हे राज्य उभं केलं. डिसेंबर १७३७ मध्ये थोरल्या बाजीरावांनी निजामाला कोंडलं ते याच भोपाळपाशी, आणि जानेवारी १७३८ मध्ये दुराई सराईचा तह झाला तोही इथून जवळच. पुढे १८१२-१३ मध्ये शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांनी मिळून भोपाळला वेढा घातला. कित्येक महिने शहर अर्धपोटी लढलं, आणि तटावर बायकाही उभ्या होत्या. वेढा टिकला नाही, पण मराठ्यांचं हे भय मनात ठेवूनच भोपाळने १८१८ मध्ये इंग्रजांशी तह केला. राज्य सुमारे ६,९०० चौरस मैलांचं, नर्मदेच्या उत्तरेला पसरलेलं. राज्यकर्ते पठाण, प्रजा बहुसंख्य हिंदू.

आता पहिला प्रश्न. तह होऊन दीड-दोन वर्षं झाली नाहीत तोच नवाब नजर मोहम्मद खान गेले. नोव्हेंबर १८१९. घरात खेळणाऱ्या त्यांच्या लहानग्या मेहुण्याच्या हातून पिस्तूल सुटलं. मागे राहिली जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांची विधवा आणि एक तान्ही मुलगी. विधवा म्हणजे गौहर बेगम, पुढे कुदसिया बेगम म्हणून ओळखल्या गेल्या त्या. भाऊबंद गादीवर डोळा ठेवून होते. कुदसिया बेगमनी शोकाचे दिवस चालू असतानाच कुटुंबातल्या कर्त्या माणसांना आणि दरबाऱ्यांना एकत्र बोलावलं आणि सांगितलं की गादी माझ्या मुलीची, सिकंदरची. ती वयात येईपर्यंत मुखत्यारी माझी. जो तिच्याशी लग्न करील तो नवाब म्हणवेल. या बैठकीला राजा खुशवक्त राय होते, शहजाद मसीह म्हणजे भोपाळात स्थायिक झालेल्या फ्रेंच बूरबाँ घराण्याचे वंशज होते. काझी-मुफ्तींची संमतीही बेगमनी घेऊन ठेवली.

या प्रसंगात दोन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. स्त्रीने राज्य करावं की नाही, हा वाद पुढे धर्माच्या नावाने उठणार, हे ओळखून त्यांनी धर्माचं उत्तर आधीच तयार ठेवलं. आणि जावई नवाब होईल अशी सवलत देऊन भाऊबंदांना आशेवर ठेवलं, पण लग्न जमेल तितकी वर्षं लांबवलं. आधी ठरलेला मुलगा, मुनीर मोहम्मद, अधिकार मागायला लागला तशी त्याला बाजूला करून धाकटा भाऊ जहांगीर याला पुढे आणलं. सिकंदरचं लग्न झालं ते १८३५ मध्ये. या सोळा वर्षांत कुदसिया बेगमनी पडदा सोडला, घोड्यावर बसायला आणि शस्त्र चालवायला शिकल्या आणि कारभार हातात ठेवला. अखेर जावई सैन्य घेऊन सासूवर चालून गेला, आष्ट्याला लढाई झाली, इंग्रजांनी मध्यस्थी केली आणि १८३७ मध्ये जहांगीर गादीवर बसला. कुदसिया बेगम जहागीर घेऊन बाजूला झाल्या. पुढे आपल्या खासगी पैशातून त्यांनी भोपाळ शहराला पाण्याची योजना करून दिली आणि ते पाणी लोकांना फुकट दिलं. रेल्वेसाठीही त्यांनी मोठी रक्कम दिली. १८८१ मध्ये त्या गेल्या, तोवर गादीवर नात बसली होती.

सिकंदर बेगम म्हणजे या मालिकेचा कणा. नवरा तलवार घेऊन अंगावर धावून आला तेव्हा त्या गरोदर होत्या. जखमी अवस्थेत त्यांनी घर सोडलं आणि आईबरोबर इस्लामनगरच्या जुन्या गढीत जाऊन राहिल्या. तिथेच १८३८ मध्ये शाहजहाँचा जन्म झाला. जहांगीर १८४४ मध्ये ऐन तारुण्यात वारला. इंग्रजांनी गादी सहा वर्षांच्या शाहजहाँला दिली, पण कारभार सिकंदरकडे न देता त्यांच्या मामाकडे, फौजदार मोहम्मद खानाकडे सोपवला. हा मामा म्हणजे पिस्तूल सुटलेलं तेच मूल, आता मोठं झालेलं. त्याच्याकडून कारभार निभला नाही आणि १८४७ मध्ये मुखत्यारी सिकंदर बेगमकडे आली.

राज्यावर तीस लाखांच्या आसपास कर्ज होतं. साऱ्याची वसुली मक्त्याने दिली जाई. मक्तेदार ठरलेली रक्कम दरबारात भरी आणि रयतेकडून हवी तितकी उकळी. दुष्काळ पडला तर मक्तेदार हात वर करी आणि कुणबी गाव सोडून जाई. सिकंदर बेगमनी मक्ते मोडले. गावच्या मुखियाशी सरकारने थेट करार करायचा, जमिनीची मोजणी करून सारा ठरवायचा, असा शिरस्ता घातला. राज्याचे तीन जिल्हे आणि एकवीस परगणे पाडले, जिल्ह्यावर महसूल अधिकारी आणि परगण्यावर कारभारी नेमला. त्या स्वतः मुलखात फिरत. घोड्यावरून, डेरे टाकत, गावोगाव. अधिकाऱ्याने कागदावर लिहिलेलं आणि शिवारात दिसलेलं यांचा ताळा त्या जागेवर घेत. कर्ज फिटलं. टपाल, टांकसाळ, अपिलाचं न्यायालय, दरबाराचं सचिवालय ही सगळी घडी त्याच काळातली. सल्ल्यासाठी त्यांनी मजलिस-ए-शूरा भरवली. दरबारची भाषा फारसी होती, तिच्या जागी उर्दू आणली. हे वाटतं त्याहून मोठं पाऊल आहे, कारण फारसी मूठभर मुन्शींना येई आणि त्या मुन्शींच्या हातात अख्खं दप्तर असे. जिल्ह्याजिल्ह्यात उर्दू आणि हिंदी शाळा निघाल्या, मुलींसाठी व्हिक्टोरिया शाळा निघाली. क्रम बघा: शाळा आली ती कर्ज फेडल्यावर.

या बाईची नजर कशी होती, ते त्यांच्या हजयात्रेच्या वृत्तांतात दिसतं. १८६३ च्या अखेरीस मुंबईहून जहाजाने त्या निघाल्या. आई कुदसिया बेगम आणि मोठा लवाजमा बरोबर होता. हजला जाणारी हिंदुस्थानातली पहिली राज्यकर्ती व्यक्ती म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. परतल्यावर त्यांनी उर्दूत प्रवासवर्णन लिहिलं आणि त्याचा इंग्रजी अनुवाद १८७० मध्ये छापला गेला. भक्तिभावाचं पुस्तक असेल म्हणून उघडावं, तर जिद्दाच्या जकातनाक्यावर सामान कसं उचकटलं, कोणाला किती द्यावं लागलं, शहरात घाण किती, याची बारीक नोंद सापडते. एका ठिकाणी त्या लिहितात त्याचा आशय असा: तुर्कस्तानचे सुलतान मक्का-मदिनेच्या खर्चाला वर्षाला तीस लाख देतात, तरी स्वच्छता नाही आणि बंदोबस्त नाही. तोच पैसा माझ्या हाती द्या, व्यवस्था कशी लावायची ते मी करून दाखवते. त्यांची श्रद्धा पक्की होती, हज त्यांनी मनापासून केली. आणि त्याच मनाने पवित्र शहराचा जमाखर्चही तपासला. मुलखात फिरणारी बाई मक्केतही तीच होती.

त्यांची आणखी एक कामगिरी कायद्याची आहे. जावई नवाब होईल, ही कुदसिया बेगमनी दिलेली सवलत घराला भोवली होती. म्हणून १८५५ मध्ये शाहजहाँचं लग्न लावताना सिकंदर बेगमनी इंग्रजांकडून वदवून घेतलं की राज्य मुलीचं, नवऱ्याला फक्त मानाची पदवी. आणि १८६० मध्ये स्वतःच्या हक्काने राज्यकर्ती म्हणून मान्यता मिळवली. शाहजहाँने त्यासाठी गादी सोडली आणि वारस म्हणून राहिली.

१८६८ मध्ये सिकंदर बेगम वारल्या आणि शाहजहाँ बेगम पुन्हा गादीवर आल्या. पहिला नवरा वारल्यावर १८७१ मध्ये त्यांनी सिद्दीक हसन खान या मोठ्या धर्मपंडिताशी निकाह लावला आणि आजी-आईने सोडलेला पडदा पुन्हा घेतला. इथे पुष्कळ लेखक त्यांना मागे गेलेली बेगम ठरवून मोकळे होतात. मला ते पटत नाही. पडद्यात बसून त्यांनी १८८९ मध्ये स्त्रियांसाठी उर्दूत एक जाडजूड ग्रंथ लिहिला. आरोग्य, स्वयंपाक, घरखर्च, रीतिभाती, लग्नातले हक्क असं सगळं त्यात आहे. बायकांसाठी लेडी लॅन्सडाऊन दवाखाना काढला. रेल्वे भोपाळात आणली. इंग्लंडमध्ये वोकिंगला १८८९ मध्ये बांधलेल्या मशिदीला पैसा दिला, ती आजही शाहजहाँ मशीद म्हणूनच ओळखली जाते. भोपाळची ताज-उल-मसाजिद त्यांनीच सुरू केली, आणि तिच्यात स्त्रियांच्या नमाजासाठी वेगळा सज्जा ठेवला. संस्थानाची पोस्टाची तिकिटं निघाली ती त्यांच्या वेळी, १८७० च्या दशकात. दगडावर हाताने कोरून छापलेली, मधोमध उर्दूतला उठावदार ठसा आणि भोवती इंग्रजी अक्षरांत बेगमचं नाव. कोरणाऱ्याला इंग्रजी धड येत नसावं, कारण काही तिकिटांवर ‘बेगम’मधलं एखादं अक्षरच चुकलंय. तिकिटं जमवणारे अशी चुकीची तिकिटं हौसेने शोधतात. मला त्यात वेगळं दिसतं. पडद्यात राहणाऱ्या बाईचं नाव पत्रापत्रावरून घरोघर जात होतं.

चुकलं ते दुसरीकडे. बांधकामांवर पैसा सैल सुटला, साऱ्याचे दर चढे राहिले. सिद्दीक हसन खानांच्या लेखनावरून आणि कारभारातल्या हस्तक्षेपावरून इंग्रज बिथरले आणि १८८५ मध्ये त्यांच्या पदव्या काढून घेतल्या. पोटच्या मुलीशी, सुलतान जहाँशी, वर्षानुवर्षं अबोला राहिला. त्यावर छप्पन्नचा (संवत १९५६, म्हणजे १८९९-१९०० चा) दुष्काळ आला. १८९१ च्या शिरगणतीत राज्याची लोकसंख्या साडेनऊ लाखांवर होती, १९०१ मध्ये ती साडेसहा लाखांच्या थोडी वर उरली. हे आकडे भाषणात जरूर सांगा. बेगमांच्या सुधारणा या अशा उजाड झालेल्या मुलखात पुन्हा उभ्या करायच्या होत्या.

ते काम सुलतान जहाँ बेगमच्या वाट्याला आलं. १९०१ मध्ये त्या गादीवर आल्या तेव्हा तिजोरी जवळपास रिकामी होती, आणि सहा-सात महिन्यांत नवराही गेला. त्यांनी आजीचीच, सिकंदर बेगमचीच, वाट धरली: आधी दौरे, आधी जमाबंदी. १९०३ मध्ये सुलतानिया मुलींची शाळा काढली. हिंदू मुलींसाठी बिरजीसिया कन्या पाठशाळा वेगळी. मुली शाळेत याव्यात म्हणून ज्या अडचणी होत्या त्या एकेक करून काढल्या. पडदा आहे? बंद गाडी पाठवू. इंग्रजी शिकून मुली बिघडतील? कुराण, उर्दू, हिशेब आणि घरकामही शिकवू. सुइणींना दवाखान्यात रीतसर शिक्षण दिलं, कारण बाळंतिणी कुठे मरतात ते त्यांना ठाऊक होतं. देवी टोचणं, गटारं, पाणी यांवर त्या स्वतः पुस्तकं लिहीत. १९१८ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. आपल्या ओळखीच्या तारखांशेजारी ही तारीख ठेवून बघा: बडोद्यात सयाजीरावांनी हे १९०६ मध्ये केलं, कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये. भोपाळ या रांगेतलं आहे आणि त्याचं नाव या रांगेत क्वचित घेतलं जातं, याची मला खंत वाटते.

अलीगढच्या मुलींच्या शाळेला त्यांनी पैसा आणि वजन दोन्ही दिलं. १९२० मध्ये अलीगढ मुस्लिम विद्यापीठ झालं तेव्हा त्याच्या पहिल्या कुलपती त्याच झाल्या आणि १९३० मध्ये मृत्यू येईपर्यंत राहिल्या. अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन जानेवारी १९२७ मध्ये पुण्यात भरलं, अध्यक्ष बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई. दुसरं १९२८ मध्ये दिल्लीला, अध्यक्ष सुलतान जहाँ बेगम. सांचीच्या स्तूपांच्या दुरुस्तीला आणि तिथल्या संग्रहालयाला पैसा भोपाळ दरबारने दिला, हेही सांगायला विसरू नका. दुरुस्ती करणाऱ्या पुरातत्त्वज्ञ मार्शलसाहेबांचं नाव सगळ्यांना माहीत असतं, खर्च कोणी केला ते नसतं.

पडद्याबद्दल तुमचा तिसरा प्रश्न. चौघींचं उत्तर एक नव्हतं. पहिल्या दोघींनी पडदा सोडला, तिसरीने घेतला, चौथीने अंगभर बुरखा ठेवून त्यावर मुकुट चढवला. हे शब्दशः. त्यांची छायाचित्रं बघा, डोळ्यांपुरती जाळी, वर मुकुट आणि छातीवर पदकं. अशाच वेषात १९११ मध्ये त्या लंडनला पाचव्या जॉर्ज बादशहाच्या राज्याभिषेकाला गेल्या. पडद्याची बाजू मांडणारं पुस्तकही त्यांनी लिहिलं. आणि आयुष्याच्या अखेरीस, सत्तरीत, त्यांनी चारचौघांत पडदा सोडला. स्वतः लिहिलेल्या पुस्तकाविरुद्ध त्या वयात वागायला जे धैर्य लागतं, त्याबद्दल मला फार आदर वाटतो. पडदा असो नसो, चौघींच्या हाती एक गोष्ट समान होती: हुकूम आणि खजिना. पडद्याआडून अधिकाऱ्यांशी बोलता येत होतं, कागद वाचता येत होते, सही करता येत होती.

इंग्रजांनी करवून घेतलं का? काही अंशी हो. पोलिटिकल एजंटाचं, म्हणजे संस्थानावर नेमलेल्या इंग्रज अधिकाऱ्याचं, मत दुर्लक्षून कुठल्याच संस्थानिकाला चालता येत नसे, आणि बेगमांची गादी तर दर पिढीला त्यांच्या मान्यतेवर टिकलेली. पण जमाबंदीचे दौरे, बंद गाड्या, सुइणींची शाळा हे तपशील एजंटाच्या कचेरीतून येत नाहीत. आणि प्रसंगी बेगमा सरकारला भिडल्याही. सुलतान जहाँ बेगमचे दोन थोरले मुलगे १९२४ मध्ये एकाच वर्षी गेले. सरकारचा कल थोरल्याच्या मुलाकडे होता. बेगमचं म्हणणं, शरियतप्रमाणे मुलगा हयात असताना नातवाचा हक्क पुढे येत नाही, म्हणून वारस तिसरा मुलगा हमीदुल्ला. १९२५ मध्ये त्या लंडनला जाऊन हे भांडल्या, निकाल मिळवला आणि १९२६ मध्ये मुलासाठी गादी सोडली.

श्रोत्यांतून कुणीतरी १८५७ काढीलच, आणि ते टाळू नका. सिकंदर बेगम इंग्रजांच्या बाजूने होत्या. भोपाळजवळच्या सिहोर छावणीत इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली असलेल्या भोपाळ पलटणीने उठाव करून स्वतःचं सरकार स्थापलं, तेव्हा बेगमनी इंग्रज अधिकाऱ्यांना सुखरूप होशंगाबादकडे पोचवलं. जानेवारी १८५८ मध्ये इंग्रज सेनापती सर ह्यू रोजने सिहोरला मोठ्या संख्येने शिपायांना ठार केलं, आणि तोच पुढे झाशीवर गेला. बेगमना बक्षीस म्हणून बेरसियाचा परगणा मिळाला, तो धारच्या पवारांकडून काढून घेतलेला. १८६१ मध्ये मोठा किताबही मिळाला. झाशीच्या राणीला मानणाऱ्या आपल्या लोकांना हे बोचणार. बोचावंही. मात्र शेजारी हेही सांगा: झाशी १८५४ मध्ये दत्तक नामंजूर करून खालसा केली होती आणि राणीला गमावायला उरलं नव्हतं. भोपाळात पोटची मुलगी वारस म्हणून मान्य होती, आणि ती मान्यता काढून घ्यायला एक पत्र पुरलं असतं. बेगमनी राज्य वाचवलं. त्याची किंमत सिहोरच्या शिपायांनी भरली.

वेळ कमी असेल तर चौघींना सारखा वाटून देऊ नका. अर्धा वेळ सिकंदर बेगमना द्या, उरलेल्यातला बराच सुलतान जहाँ बेगमना. कुदसिया बेगमची १८१९ ची बैठक आणि शाहजहाँ बेगमची तिकिटं एवढंही त्या दोघींना उभं करायला पुरेल. आणि पुढे काय झालं असं कुणी विचारलं तर: हमीदुल्लांना तिन्ही मुलीच झाल्या आणि १९२८ मध्ये थोरली आबिदा सुलतान युवराज्ञी ठरली. १ जून १९४९ ला भोपाळचा कारभार भारत सरकारने हाती घेतला, १९५० मध्ये आबिदा पाकिस्तानात गेल्या, आणि १९६० मध्ये हमीदुल्ला वारल्यावर पदवी दुसऱ्या मुलीकडे, साजिदा सुलतानकडे आली. क्रिकेटपटू मन्सूर अली खान पतौडी हे त्यांचे चिरंजीव.